अरुंद जागेवरचे उंच दुकान : खरी किंमत जिन्याची

बाजारातल्या जागेचे मोल रस्त्याकडच्या तोंडावर ठरते. दुकान आत कितीही खोल असो, चालत्या गिऱ्हाइकाला दिसते ते तोंडच. म्हणून जुन्या बाजारपेठांतून दुकानांची तोंडे अरुंद आणि पोटे लांब असतात. बापाच्या दुकानाची दोन भावांत वाटणी झाली की तोंड निम्मे होते, पुढच्या पिढीत आणखी निम्मे. डाव्या-उजव्या हाताला शेजाऱ्यांच्या भिंती, मागे दुसऱ्याची हद्द. वाढायचे तर वरच वाढावे लागते.

वर वाढणे मात्र दिसते तितके सोपे नाही. एका मजल्यावर दुसरा मजला चढवला की दुकान दुप्पट झाले, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात दुप्पट होते ते बांधकाम; विक्रीची जागा दुप्पट होत नाही आणि गिऱ्हाईक तर मुळीच होत नाही. हा हिशेब जगात सर्वांत बारकाईने कोणी केला असेल तर तो जपानच्या व्यापाऱ्यांनी. त्यांच्या अनुभवातून आपल्या दुकानदार आणि कारागीर बांधवांना घेण्यासारखे पुष्कळ आहे आणि सावध होण्यासारखेही आहे.

टाकसाळीपासून काचेच्या मनोऱ्यांपर्यंत

जपानच्या क्योटो शहरात जुन्या व्यापारी घरांना गमतीने ‘ईल माशाचा बिछाना’ म्हणतात. ईल हा सापासारखा लांबट मासा. घरही तसेच, तोंडाला अरुंद आणि आत लांबच लांब. पुढे दुकान, मागे राहते घर, त्याच्या मागे कोठार. टोकियोतही जमिनीचे असेच बारीक तुकडे झाले आणि जेव्हा इमारती उंच होऊ लागल्या तेव्हा त्या तुकड्यांवर उभ्या पेन्सिलीसारख्या इमारती आल्या. लोक त्यांना ‘पेन्सिल बिल्डिंग’ असेच म्हणतात.

या इमारती पाहाव्यात त्या टोकियोच्या गिंझा भागात. गिंझा या नावाचा संबंध चांदीशी आहे. १६१२ मध्ये येथे चांदीची नाणी पाडणारी टाकसाळ आली. १८७२ च्या मोठ्या आगीत हा भाग जळाला, तेव्हा सरकारने लाकडाऐवजी विटांच्या इमारती आणि रुंद रस्ता बांधून घेतला. १९२३ च्या भूकंपात तेही गेले. पुढे कित्येक वर्षे शहरात ३१ मीटर, म्हणजे सुमारे १०० फूट, अशी उंचीची मर्यादा होती. १९९८ मध्ये गिंझासाठी स्वतंत्र नियम झाले आणि मोठ्या रस्त्यावर ५६ मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे १८४ फुटांपर्यंत, इमारत नेण्यास वाव मिळाला. जमिनीचे भाव आभाळाला भिडलेले, तोंड अरुंद आणि वर जाण्यास परवानगी. मग प्रत्येक मालकापुढे एकच प्रश्न उभा राहिला. वरचे मजले बांधता येतील, पण ते चालतील का?

मजल्याचा हिशेब

समजा, आपल्याजवळ २० फूट तोंडाची आणि ६० फूट खोलीची जागा आहे. एका मजल्याचे क्षेत्र झाले १,२०० चौरस फूट. आता यातून काय काय वजा होते ते पाहू. एका जिन्याला साधारण १३० चौरस फूट लागतात. सुरक्षिततेसाठी दोन जिने धरले तर २६० झाले. लिफ्टच्या खड्ड्याला ४५, लिफ्टपुढे उभे राहायला ६०, स्वच्छतागृह आणि पाण्याच्या-विजेच्या नळ्यांची उभी वाट यांना ५०. एकूण ४१५ चौरस फूट. म्हणजे मजल्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग विक्रीपूर्वीच संपला. भिंती आणि खांब वेगळेच.

तेच तोंड ६० फूट असते तर मजला ३,६०० चौरस फुटांचा झाला असता आणि जिने, लिफ्ट, नळ्या जवळजवळ तेवढ्याच जागेत बसल्या असत्या. तेथे हा खर्च नवव्या हिश्श्याच्या आसपास येतो. अरुंद इमारतीचे मूळ दुखणे हे आहे. माणसाला वर चढायला लागणारी जागा इमारतीच्या रुंदीप्रमाणे कमी होत नाही. माणसाचे खांदे तेवढेच, पायऱ्या तेवढ्याच.

मग मालकाची नजर पहिल्यांदा कोठे जाते? दुसऱ्या जिन्यावर. तो काढला की प्रत्येक मजल्यावर १३० चौरस फूट मोकळे होतात. नऊ मजल्यांत जवळपास १,२०० चौरस फूट, म्हणजे एक आख्खा मजला फुकटात मिळाल्यासारखे वाटते. जपानमध्येही लहान क्षेत्राच्या असंख्य जुन्या इमारती एकाच जिन्यावर उभ्या राहिल्या. हा मजला खरोखर फुकट पडला का, ते पुढे पाहू.

उरलेला जिना ठेवायचा कोठे, हाही प्रश्नच असतो. रस्त्याच्या बाजूला ठेवला तर २० फूट तोंडातले सहा-सात फूट त्यातच जातात, पण वरच्या मजल्याच्या गिऱ्हाइकाला सरळ वाट मिळते. मागे ठेवला तर तोंड पूर्ण मोकळे राहते, पण वर जाणाऱ्याला तळमजल्याच्या दुकानातून जावे लागते. ठोकताळा असा : प्रत्येक मजल्यावर वेगळा भाडेकरू असेल तर जिना आणि लिफ्ट पुढे किंवा कडेला असावी, सगळी इमारत एकाच दुकानाची असेल तर मागे चालते.

गिऱ्हाईक वर कसे चढवायचे?

रस्त्यावरचा माणूस तळमजल्यात सहज शिरतो. पहिल्या मजल्यावर जाण्यासाठी त्याला कारण लागते आणि पाचव्यावर जाण्यासाठी फार मोठे कारण लागते. वरच्या मजल्याचे भाडे कमी असते ते यामुळेच. जपानी व्यापाऱ्यांनी या अडचणीवर निरनिराळे तोडगे काढले. त्यांतले चार पाहू.

पहिला तोडगा त्यांच्या मोठ्या भांडारांचा. सर्वांत वरच्या मजल्यावर उपाहारगृहे आणि प्रदर्शने ठेवायची. माणूस लिफ्टने थेट वर जातो आणि उतरताना मजल्या-मजल्यावर डोकावतो. पाणी वरून खाली यावे तसे गिऱ्हाईक झिरपत येते, म्हणून याला तेथे ‘शॉवर’ची युक्ती म्हणतात. उलट तळघरात खाद्यपदार्थांचा बाजार भरवून गर्दी खालून वर चढवायची, ती ‘कारंज्या’ची युक्ती.

दुसरा तोडगा सोनी कंपनीच्या इमारतीचा. १९६६ मध्ये योशिनोबू आशिहारा या वास्तुरचनाकाराने गिंझाच्या एका कोपऱ्यावरच्या लहान जागेत ती बांधली. त्याने प्रत्येक मजल्याचे चार चतकोर केले आणि प्रत्येक चतकोर आधीच्यापेक्षा ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३ फूट, वर ठेवला. मधल्या खांबाभोवती हे चतकोर फुलाच्या पाकळ्यांसारखे चढत गेले. गिऱ्हाइकाने वर जावे आणि चार-पाच पायऱ्या उतरत, रस्त्यावर हिंडल्यासारखे फिरत खाली यावे. आपण मजला बदलला हे त्याला जाणवतही नसे. ही इमारत २०१७ मध्ये बंद होऊन नंतर पाडली गेली, पण तिची कल्पना आजही वास्तुरचना शिकणाऱ्यांना दाखवली जाते.

तिसरा तोडगा स्वॉच या घड्याळ समूहाच्या इमारतीचा. शिगेरू बान यांनी आखलेले हे निकोलस हायेक सेंटर २००७ मध्ये उघडले. जमिनीच्या वर १४ मजले. समूहाची सात नावांची घड्याळे, म्हणजे दुकाने सात. आणि प्रत्येकाला रस्त्यावरचीच जागा हवी. बान यांनी तळमजला कोणालाच दिला नाही! तो पुढच्या मोठ्या रस्त्यापासून मागच्या गल्लीपर्यंत मोकळा सोडला आणि तेथे सात काचेच्या लिफ्ट उभ्या केल्या. प्रत्येक लिफ्ट हेच एक छोटे दालन. आत घड्याळे मांडलेली. गिऱ्हाईक ती पाहत उभे राहते आणि लिफ्ट त्याला थेट त्या दुकानात नेऊन सोडते. सर्वांत महागडा मजला विकण्याऐवजी त्याने वरच्या सगळ्या मजल्यांना रस्त्यावर तोंड मिळवून दिले.

चौथे उदाहरण आपल्यासारख्या दुकानदारांना अधिक जवळचे वाटावे. १९०४ मध्ये सुरू झालेले इतोया हे कागद, पेन आणि कचेरीच्या सामानाचे दुकान. २०१५ मध्ये त्यांनी गिंझातली आपली अरुंद इमारत नव्याने, १२ मजल्यांची उभारली. माल तोच, वह्या-लेखण्या-कागद. पण प्रत्येक मजल्याला एक वेगळे काम दिले. एका मजल्यावर टेबल मांडले आणि टपालपेटी ठेवली. कार्ड विकत घ्या, तेथेच बसून लिहा आणि तेथेच टाका. अकराव्या मजल्यावर मातीशिवाय, पाण्यावर भाजी पिकवली आणि बाराव्यावरच्या उपाहारगृहात ती वाढली. यातला बोध साधा आहे. वरचा मजला म्हणजे खाली न मावलेल्या मालाची अडगळ नव्हे. तेथे जाण्याचे कारण दुकानदारानेच निर्माण करावे लागते.

याच न्यायाने कोणता धंदा कोणत्या मजल्यावर शोभतो तेही ठरते. अत्तर, फळे, मिठाई, चपला, खेळणी हे जाता-जाता घेण्याचे जिन्नस; यांना रस्ता हवा. शिंपी, चष्मेवाला, घड्याळ-दुरुस्ती, लग्नाच्या कपड्यांचे भरतकाम, दागिन्यांची घडणावळ यांच्याकडे गिऱ्हाईक नाव विचारत येते. कारागिराची ख्याती असेल तर लोक चार जिने चढतात. अशा बांधवांनी तळमजल्याच्या भाड्याखाली दबून जाण्याचे कारण नाही. मात्र खाली नावाची पाटी दिसलीच पाहिजे. टोकियोच्या अनेक भाडेकरूंच्या इमारतींत कडेला एक उभी पट्टी असते आणि तिच्यावर मजल्यांच्या क्रमाने सगळ्यांच्या पाट्या सारख्या आकारात लावलेल्या असतात. रस्त्यावरूनच कळते, कोण कोणत्या मजल्यावर आहे.

उभ्या काडेपेटीचा तोल

काडेपेटी आडवी ठेवा, ढकला. ती सरकेल पण पडणार नाही. तीच उभी करा, बोटाने लोटताच पडते. २० फूट रुंद आणि १०० फूट उंच इमारत म्हणजे अशी उभी काडेपेटीच. वाऱ्याने किंवा भूकंपाने ती एका बाजूला झुकू पाहते तेव्हा त्या बाजूचे खांब दाबले जातात आणि विरुद्ध बाजूचे खांब जमिनीतून उपटले जाऊ लागतात. इमारत जितकी अरुंद तितकी ही ओढाताण जास्त.

गिंझातच एर्मेस या फ्रेंच कंपनीचे दुकान आहे. रेन्झो पियानो या इटालियन वास्तुरचनाकाराने आखलेली ही इमारत २००१ मध्ये पूर्ण झाली. लांबी सुमारे ४५ मीटर, रुंदी अवघी ११ मीटर. बाहेरून सगळी काचेच्या चौकोनी विटांची, रात्री कंदिलासारखी उजळणारी. तोलाचा प्रश्न अभियंत्यांनी जपानच्या जुन्या लाकडी पॅगोडांकडे पाहून सोडवला. पॅगोडा भूकंपात ताठ राहत नाही, थोडा डोलतो आणि पुन्हा जागेवर बसतो. त्याच धर्तीवर एका बाजूचे खांब पायाशी असे बसवले की मोठ्या भूकंपात ते किंचित उचलले जातील आणि परत टेकतील. धक्का जिरवणारी उपकरणे तेथेच बसवली. ताठपणाने जे मोडले असते ते थोड्या लवचिकतेने टिकते.

एवढे खर्चिक तंत्र सर्वांना परवडणारे नाही. पण त्यातल्या दोन साध्या गोष्टी प्रत्येक दुकानदाराच्या उपयोगाच्या आहेत. एक, शेजारच्या दोन उंच इमारतींत फट हवी. कारण प्रत्येक इमारत आपल्या तालाने हलते आणि फट नसेल तर त्या एकमेकींवर आदळतात. दोन, तळमजला पूर्ण मोकळा करण्याचा मोह आवरावा. शटर मोठे दिसावे म्हणून खालच्या भिंती काढल्या की वरचे जड मजले नुसत्या खांबांवर उभे राहतात. २६ जानेवारी २००१ च्या गुजरातच्या भूकंपात अहमदाबादेत तळमजला मोकळा असलेल्या अनेक इमारती अशाच खाली बसल्या. भूकंपाचे केंद्र तेथून दूर, कच्छमध्ये होते. तेव्हा गाळ्यातली एखादी भिंत ‘आडवी येते’ म्हणून फोडण्यापूर्वी, ती कशासाठी आहे हे बांधकामाच्या अभियंत्याला विचारलेच पाहिजे.

माल ठेवायचा कोठे?

आता त्या फुकट वाटलेल्या मजल्याकडे येऊ.

अरुंद इमारतीत विक्रीसाठीच जागा अपुरी. तेथे कोठार कोण ठेवणार? रोज सकाळी माल येतो, खोकी येतात. लिफ्ट एकच, तीही गिऱ्हाइकांची. मग खोकी हळूहळू जिन्यात येतात. आधी एका वळणावर, ‘दोन दिवसांसाठी’. मग शेजारच्याचीही. मग दोन दिवसांचे दोन महिने होतात. यात कोणाचाच हेतू वाईट नसतो.

टोकियोच्या कबुकिचो भागात ‘म्योजो ५६’ नावाची अशीच एक लहान, अनेक भाडेकरूंची इमारत होती. १ सप्टेंबर २००१ रोजी मध्यरात्रीनंतर तेथे आग लागली. तिसऱ्या मजल्यावर खेळाचा अड्डा होता, चौथ्यावर मद्यगृह. जिना एकच, आणि त्यात सामानाची अडगळ. धूर अडवण्यासाठी बसवलेले दरवाजे बंद होऊ शकले नाहीत. ४४ माणसे गेली. बहुतेक ज्वाळांनी नव्हे, विषारी धुराने. इमारत काही गगनचुंबी नव्हती, जमिनीच्या वर अवघी चार-पाच मजल्यांची. तरीही खाली येण्याची वाट नव्हती. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, जपानने आगीचा कायदा कडक केला, दंड वाढवले आणि एका जिन्याच्या इमारतींच्या तपासणीवर विशेष भर दिला. २००८ मध्ये न्यायालयाने इमारतीशी संबंधित पाच जणांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले.

अलीकडे, २९ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री, बांगलादेशात ढाक्याच्या बेली रोडवर सात मजली इमारतीत हेच घडले. बहुतेक मजल्यांवर उपाहारगृहे, सोबत कपड्यांची दुकाने. सुट्टीच्या आदल्या रात्रीची गर्दी. जिना एक आणि त्यात गॅसची सिलिंडरे ठेवलेली. ४६ जण दगावले. टोकियो श्रीमंत, ढाका गरीब. पण चूक तीच.

जिना उघडा असला की आगीत तो धुराड्याचे काम करतो. खालचा धूर काही क्षणांत वर चढतो. म्हणूनच प्रत्येक मजल्यावर जिन्याला आपोआप मिटणारा दरवाजा लागतो. येणे-जाणे सोपे व्हावे म्हणून त्या दरवाजाखाली लाकडाची पाचर मारून ठेवली तर दरवाजा असून नसल्यासारखाच. दर्शनी खिडक्याही तशाच. जपानमध्ये वरच्या मजल्यांच्या काही खिडक्यांवर लाल उलटा त्रिकोण दिसतो. अग्निशमन दलाने कोठून आत शिरायचे याची ती खूण. आपल्याकडे याच खिडक्या मोठ्या जाहिरातफलकांनी झाकून टाकल्या जातात. मग धुराला बाहेर पडता येत नाही आणि मदतीला आत येता येत नाही.

महाराष्ट्रात यासाठी कायदा आहे : महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. आगीची साधने चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे. परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, तसे प्रमाणपत्र घेऊन द्यावे लागते. ‘मी तर भाडेकरू’ म्हणून सुटका होत नाही.

दुसरा मार्ग : जागा एकत्र करणे

अरुंदपणावरचा मुळातला उपाय म्हणजे शेजाऱ्यांनी जागा एकत्र करणे. गिंझातच २०१७ मध्ये ‘गिंझा सिक्स’ हे संकुल दोन ठोकळे जोडून उभे राहिले. त्याचे तोंड सुमारे ११५ मीटरचे झाले. मुंबईत भेंडीबाजारात सुमारे साडेसोळा एकरांवर हाती घेतलेला सामूहिक पुनर्विकास याच विचाराचा. दहा मालकांनी दहा अरुंद इमारती बांधल्या तर वीस जिने आणि दहा लिफ्ट लागतील. एकत्र बांधले तर थोडक्यात भागते, वाचलेली जागा सर्वांना मिळते आणि जिने रुंद होतात. अडचण तंत्राची नसून विश्वासाची आहे. कोणाला रस्त्यावरचा गाळा, कोणाला वरचा, हे लेखी आणि स्पष्ट ठरल्याशिवाय पुढे जाऊ नये. बोलण्यावर ठेवलेला व्यवहार पुढे भावाभावांत वैर आणतो.

गाळा घेण्यापूर्वी

उंच इमारतीत वरचा गाळा विकत किंवा भाड्याने घेण्यापूर्वी स्वतः जाऊन पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. जिने किती? दोन असतील तर ते एकमेकांपासून दूर आहेत का? एकाच ठिकाणी चिकटून असलेले दोन जिने आगीत एकासारखेच.

२. लिफ्ट न वापरता वरून खाली चालत या. वाटेत किती खोकी, किती कुलपे लागली ते मोजा. गच्चीच्या दाराला कुलूप आहे का?

३. जिन्याचे दरवाजे आपोआप मिटतात का?

४. माल कधी आणि कशातून चढणार? कोठार कोठे? उत्तर ‘बघू’ असे आले तर माल जिन्यात जाणार हे धरून चाला.

५. भाव सांगताना किती चौरस फूट सांगितले आणि प्रत्यक्ष विक्रीला किती उरतात, हे फीत लावून मोजा.

६. रस्त्यावर आपली पाटी कोठे लागेल, हे करारात लिहून घ्या.

७. आगीच्या साधनांचे चालू सहामाहीचे प्रमाणपत्र पाहायला मागा.

गिऱ्हाईक आपल्या भरवशावर चार मजले चढून येते. सोबत बायको-मुले असतात, म्हातारी आई असते. वर चढणाऱ्या प्रत्येकाला सुखरूप खाली उतरवणे ही दुकानदाराची जबाबदारी आहे. जिन्याचे ते १३० चौरस फूट भाडे देत नाहीत हे खरे. पण सगळे दुकान उभे असते ते त्यांच्याच जिवावर. आज संध्याकाळी दुकान वाढवताना एकदा आपल्या जिन्यावर नजर टाकावी. तेथे आपले एखादे खोके असेल तर ते उद्यावर ठेवू नये.